घोलवडच्या चिकूला शोधतंय कोण?

माझ्या मोबाइलमध्ये ‘रिपोर्ट’ नावाचं एक फोल्डर आहे आणि त्यात एकही रिपोर्ट नाही. आमचं काम असं की, एखादी वेबसाइट सर्चमध्ये किती दिसते, आणि फुकटात तिच्याकडे किती लोक येऊ शकतील, हे मोजायचं. डहाणू स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानावरती एका खोलीत मी आणि जिग्नेश हा उद्योग करतो. जिग्नेश तलासरीचा, घरी गुजराती, दारी मराठी आणि आकड्यांसमोर दोन्ही एकदम. आकडे महिन्याभरात शिळे होतात हो, पण ते मोजताना जे घडतं ते फेकवत नाही. ते सगळं त्या फोल्डरमध्ये टाकते. त्यातला निम्मा भाग एकट्या वसंतकाकांचा आहे.

* * *

वसंतकाका म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक. घोलवडला चिकूची नर्सरी. पूर्वी लांबून लांबून लोक कलमं न्यायला यायचे, आता ज्याला त्याला हायवेच्या कडेला रोपं मिळतात. काकांकडे गिऱ्हाईक फिरकेना. जमीन ट्रकच्या पार्किंगला द्या म्हणून एक कॉन्ट्रॅक्टर मागे लागला होता.

काकांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “पाऊस पडायच्या आत या वेबसाइटवरून बाहेरगावची एक ऑर्डर आली पाहिजे. नाही आली, तर झाडं तोडून जमीन दिली.”

मागे रमीबाय कलमं बांधत बसली होती. ती तलासरीकडच्या पाड्यावरून जीपने येते, तीस वर्षं तिथेच कामाला. तिच्या हाताखाली आणखी चार बाया. काकांचं बोलणं पाचही जणींनी ऐकलं आणि एकीनेही मान वर केली नाही.

मी काकांना कासा गावच्या आठवडी बाजाराचा हिशेब समजावला. तुमच्या पाटीसमोरून किती माणसं गेली ते इम्प्रेशन. त्यातली थांबली किती ते क्लिक. आणि बाजारात मुळात रोप घ्यायलाच किती आली, ती आपली आशा.

काका म्हणाले, “आणि नुसती चौकशी करून पुढे गेली ती?”

“ती सगळीकडे असतात, काका.”

“मग समजलं. धंदा तोच आहे, फक्त आता ऊन लागत नाही.”

* * *

पंधराव्या दिवशी काका पेढे घेऊन जिना चढून आले. “पहिला नंबर!” त्यांनी मोबाइल आमच्या नाकासमोर धरला. खरंच, चिकू कलम असं टाकलं की त्यांची नर्सरी सगळ्यात वर.

जिग्नेशने पेढा तोंडात टाकला आणि स्वतःच्या मोबाइलवर बघितलं. पाचवं पान. माझ्या मोबाइलवर बघितलं. पाचवं पान. खालच्या झेरॉक्सवाल्याचा मोबाइल मागून आणला, तिथे तर सहावं.

मग काकांना सांगावं लागलं की, तुम्ही रोज वीस वेळा तीच साइट उघडता, म्हणून तुमच्या मोबाइलला वाटतं तुम्हाला तीच हवी. जगाला ती तिथे दिसत नाही.

काकांनी मोबाइल खिशात घातला. मग म्हणाले, “म्हणजे घरातल्या घरात गुणवंत.” आणि उरलेले पेढे परत घेऊन गेले.

* * *

आणि मग तो ग्राफ! सोमवारी सकाळी जिग्नेश दोन्ही भाषांत ओरडत खुर्चीवरून उठलाच. “अरे जो, जो, बघ ना, सरळ वर गेलाय!” आठवडाभरात साइट दिसण्याचं प्रमाण कितीतरी पट वाढलं होतं. आम्ही दोघं अक्षरशः नाचलो. चहा मागवला. काकांना फोन लावणार, तेवढ्यात मला गावांची यादी बघायची बुद्धी झाली.

घोलवड. बोर्डी. डहाणू. पुन्हा घोलवड.

आणि क्लिक? शून्य. एवढ्या लोकांना साइट दिसली आणि एकानेही उघडली नाही. ज्या पाटीसमोर सगळे उभे राहतात आणि आत कुणीच शिरत नाही, त्या दुकानात काहीतरी गडबड असणार, असंच सर्चवालेही समजणार.

काकांना विचारलं तर मोठ्या अभिमानाने म्हणाले, “मीच सांगितलंय सगळ्यांना. भजनी मंडळ, पॅकिंगवाल्या बाया, सकाळच्या गाडीचे मास्तर लोक. रोज एकदा आपलं नाव शोधायचं.”

“पण उघडत का नाहीत?”

“मीच बजावलंय, उघडू नका म्हणून. लोकांचं नेट कशाला खर्च करायचं आपल्यासाठी?”

माणूस इतका भला की स्वतःच्याच पायावर धोंडा पाडतो आणि वर गावाचे आभार मानतो. हे शोधमंडळ बंद करायला आम्हाला दोन आठवडे लागले. एक आजोबा तर मार्चपर्यंत नेमाने शोधत होते.

* * *

मग आम्ही खरं काम केलं. लोक नेमकं काय शोधतात ते काढलं. काकांना साइटवर हवं होतं ‘दर्जेदार व खात्रीशीर चिकू कलमे’. महिनाभरात ते शोधणारं महाराष्ट्रात कुणी नव्हतं. लोक शोधत होते, चिकूला फळ का येत नाही, फुलं का गळतात, पानं काळी का पडतात.

काका भडकले. “माझ्या साइटवर रोगराई लावता? हलवाई दारात पोटदुखीचं औषध विकतो का?”

“काका, येणारा माणूस त्याच दाराने येतोय.”

“मग उत्तरं देणार कोण? तुम्ही? तुम्हाला चिकूचं झाड आणि आंब्याचं झाड एकच.”

मागे कुंड्यांना पाणी घालत असलेली रमीबाय म्हणाली, “इचारा ना मला.”

* * *

विचारलं. दुसऱ्याच आठवड्यात लातूरकडच्या एका शेतकऱ्याचा साइटवर फोटो आला. झाड भरदार, हिरवंगार, आणि वर्षानुवर्षं चिकू नाही. खत घालून घालून माणूस थकला होता. हायवेवरच्या कुणाकडून तरी रोपं घेतलेली, सगळ्या बागेचं हेच.

रमीबायने फोटोकडे एकदा पाहिलं. “हा चिकू नाय, बाय. चिकू कवाच मेला. ही खिरणी हाय.”

चिकूचं कलम खिरणी या दणकट रानझाडाच्या रोपावर बांधतात: खिरणीची कुंडी मोठ्या चिकूच्या झाडाखाली मांडवावर चढवायची आणि रोप त्या झाडाच्या फांदीशी जोडायचं. सांध्याखालून खिरणीची फूट आली आणि ती वेळेवर काढली नाही, तर खिरणी वाढते आणि चिकू दबून मरतो. तो बिचारा इतकी वर्षं खिरणीला चिकूचं खत घालत होता!

आम्ही ते तिच्याच शब्दांत लिहिलं, फोटोवर सांधा दाखवला, आणि खाली घातलं, ‘उत्तर : रमीबाय’. काका कुरकुरले, नर्सरी कुणाची म्हणून. पण महिन्याभरात ते पान तिसऱ्या नंबरवर होतं. आणि यावेळी यादीत घोलवड नव्हतं. लातूर, नांदेड, सांगली, नाशिक. मी तो ग्राफ बघताना चक्क रडले, सांगायला लाज कसली.

फोन सुरू झाले. रोज सात-आठ. पण ऑर्डर एकही नाही. सगळे आजारी झाडांचे नातेवाईक.

मे संपत आला तेव्हा काका मला म्हणाले, “पोरी, तुझं मोजमाप बरोबर आहे. लोक आहेत. पण मी दवाखाना किती दिवस चालवू?” आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

* * *

जूनचा पहिला आठवडा. कॉन्ट्रॅक्टर नर्सरीत आला आणि मोठ्या चिकूच्या झाडांवर चुन्याच्या खुणा करायला लागला. काका ऑफिसच्या पायरीवर बसून होते. आम्ही दोघं शेवटचा रिपोर्ट घेऊन गेलो होतो, तो मी पिशवीतून काढलाच नाही.

तेवढ्यात फाटकाशी धुळीने भरलेली एक गाडी थांबली. एक शेतकरी, त्याची बायको आणि आणखी दोघं उतरले. काका उठून पुढे गेले, “या, या, मी मालक.”

“राम राम,” तो म्हणाला. “रमीबाय कुठं बसतेत?”

रमीबाय हात पुसत उभी राहिली. शेतकऱ्याच्या बायकोने पिशवीतून खण-नारळ काढला आणि तिथेच तिची ओटी भरली. रमीबाय एवढी गोंधळली की पदर धरायचा तिला सुचेना, मीच धरला.

मग तो म्हणाला, “ती खिरणीची बाग आमचीच. सगळी काढली. आता माझी आन् ह्या शेजाऱ्यांची मिळून दोनशे कलमं पाहिजेत. पण बाईंच्या हातचीच.”

दोनशे तर सोडाच, नर्सरीत वीसही कलमं तयार नव्हती. गिऱ्हाईक नाही म्हणून आधीच मोजकी बांधत होते, आणि पार्किंगचं ठरल्यावर नवी बांधलीच कुणी? काका रमीबायकडे बघायला लागले.

“आज तयार नायत,” ती म्हणाली. “आता बांधली तर पुढल्या पावसाला न्यायची.”

चौघं आपसात बोलले. “थांबतो,” शेतकरी म्हणाला.

काका अजून उभेच होते. रमीबायने त्यांच्या उत्तराची वाट बघितली नाही. ओटीचा नारळ माझ्या हातात दिला, बायांना खिरणीच्या कुंड्या आणायला सांगितलं, आणि मोठ्या झाडाखाली चुन्याचा डबा धरून उभ्या असलेल्या कॉन्ट्रॅक्टरपाशी गेली.

“बाजूला हो रे दादा,” ती म्हणाली, “इथं कुंड्यांचा मांडव घालायचाय.”