यशोताईने न बघितलेली सीरिज

"कोण पडलं रे?" यशोधराने कच्चकन ब्रेक दाबला आणि मान मागे वळवली. "कुठल्या डोंगरावर? घरी कळवलं का कोणी?"

मागच्या सीटवरची तिन्ही पोरं एकमेकांवर आपटली. स्टेशनपासून त्यांचा एकच वाद चालला होता. तिने दोरी कापायला नको होती, असं एकाचं म्हणणं. कापली नसती तर दोघंही खाली गेले असते, असं त्याच्या शेजारच्या मुलीचं. बदलापूरची पोरं सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायला जातात हे यशोधराला ठाऊक होतं. पडलंच असणार कोणीतरी.

"कोणी नाही पडलं, ताई. म्हणजे पडला, पण कार्टूनमध्ये."

"कार्टून नाही, ॲनिमे," मुलगी ठसक्यात म्हणाली. "जपानी आहे. उडणाऱ्या माणसांची गोष्ट."

"मग एवढे भांडताय काय, वाटणीला बसल्यासारखे?"

पोरं खो खो हसली. यशोधराही हसली. गिअर टाकताना मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागलाच. दोरी कापली तर कापली, पण बांधली कोणी होती?

यशोधरा स्टेशन ते कात्रप शेअर रिक्षा चालवते. त्याआधी ती अंबरनाथच्या एका कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायची. पॅकिंगच्या टेबलावर आठ बायका आणि त्यांची सोळा तोंडं. सासू, सिनेमा, शेजारीण, कोणी म्हणून सुटायचं नाही. रिक्षा घेतली आणि सुपरवायझरची कटकट गेली, पण बोलणंही गेलं. इथे लोक तिच्याशी दोनच वाक्यं बोलायचे. "सुट्टे नाहीत" आणि "इथंच थांबवा". कधी कधी तर दिवस मावळला की स्वतःचा आवाज ऐकायला ती सिग्नलवरच्या कुत्र्याला हाका मारायची.

दोरीने ते चित्र पालटलं. कॉलेजची पोरं रोजचीच. वाद घालणाऱ्या मुलीचं नाव राजसी, आणि "कापायला नको होती" म्हणणारा प्रीतम. प्रत्येक फेरीत गोष्टीचा एखादा तुकडा यशोधराच्या कानावर पडायचा, तोही उलटसुलट. हवेत तरंगणारी बेटं आहेत. लोक कापडी पंख लावून उडतात. एकट्याने उडायचं नाही, हा तिथला कायदा. दोघांनी कमरेला एकच दोरी बांधायची. वादळात रेनचा पंख फाटला आणि मिओरीने दोरी कापली. रेन ढगांत गडप. झालं, सगळ्या पोरांत दोन तट पडले. कापलीवाले आणि नकापलीवाले.

कात्रप आलं की पोरं उतरायची आणि वाद अर्धा राहायचा. मग यशोधरा पुढच्या फेरीत तो पुढे चालवायची.

"मागच्या ट्रिपची राजसी म्हणत होती, रेननेच तिला डोळ्याने खूण केली. काप म्हणून."

"खूण?" प्रीतम एकदा पुढे वाकला. "डोळ्यात पाणी गेलं होतं त्याच्या! सांगा तिला."

"सांगते. पण काय रे, कापली ते एक वेळ ठीक. तिने मागे वळून बघितलं का?"

"नाही ना!"

"मग तेच वाईट. कापण्यापेक्षा ते वाईट."

उतरतानाही प्रीतम विचारातच होता. त्या दिवसापासून ती "ओ रिक्षा" राहिली नाही, यशोताई झाली. लाइनमध्ये तिच्या पुढे दोन गाड्या उभ्या असल्या तरी पोरं तिच्यासाठी थांबायची, आणि बाकीचे रिक्षावाले "काय जादू केलीस गं बाई" म्हणून डोळे वटारायचे.

"ताई, कितव्या एपिसोडवर आहात?" राजसीने एकदा विचारलं.

"तुमच्याबरोबरच आहे की," यशोधरा म्हणाली. समोरून टेम्पो आला, विषय तिथेच राहिला.

तसं ते खोटं नव्हतं. अडचण इतकीच की तिने एकही एपिसोड बघितलेला नव्हता. प्रयत्न केला होता. पण सीरिज जपानीत, खाली इंग्लिश पट्टी. ती अक्षरं जुळवून एक ओळ लावेपर्यंत पुढच्या तीन ओळी पळालेल्या. दोन मिनिटांत तिने मोबाइल उशीखाली ढकलला. पोरांच्या तोंडून कळत होतं ते जास्त चांगलं होतं.

आणि मग राजसीने बॉम्ब टाकला. "ताई, रविवारी शेवटचा एपिसोड. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावतोय. त्याआधी वादविवाद ठेवलाय. कापली की नकापली. जज्ज तुम्ही!"

"मी? अगं, मी कशाला?"

"दोन्ही पार्ट्या फक्त तुमचंच ऐकतात."

घरी मुकेश, तिचा नवरा, ऐकून भाकरी हातात धरून हसत सुटला. "न वाचलेल्या पुस्तकाची मास्तरीण! यशो, सरळ सांग, ताप आलाय."

"आणि सोमवारी? सोमवारी तीच पोरं गाडीत बसणार. कळलं की ही बाई चार महिने हवेत गाडी चालवत होती, तर पुन्हा आपलं 'सुट्टे नाहीत' आणि 'इथंच थांबवा'."

मुकेशचं हसू ओसरलं. मग त्याने तिच्यासाठी मोबाइल उघडून बघितला, इंग्लिश पट्टी दोन वेळा मोठ्याने वाचली, आणि अदबीने मोबाइल परत केला.

रविवारी हॉल गच्च भरला. पुठ्ठ्याचे पंख लावलेली पोरं दारातून आडवी होऊन आत शिरत होती. यशोधराला मधल्या खुर्चीवर बसवलं. आधी राजसी बोलली, तडफेने बोलली. मग प्रीतम उभा राहिला. त्याचा आवाजच भरून आला होता.

"ताई, तो क्षण आठवा. रेनचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. तो चेहरा बघून दोरी कापवते कोणाला?"

यशोधराने डोळे मिटले. रेनचा चेहरा तिच्यापाशी होताच, चार महिने होता. "खरंय रे," ती नकळत बोलून गेली. "दाढी वाढलेली, गळ्यात मफलर. कसं कापवेल?"

हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"दाढी?" राजसी म्हणाली. "ताई, रेन सतरा वर्षांचा आहे."

"सतरा? तिचा बाप ना तो?"

"बाप? वर्गात आहे तिच्या!"

हशाची अशी लाट उठली की एकाचा पुठ्ठ्याचा पंखच मोडला. यशोधराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता लपवायला उरलंच काय?

"मी एकही एपिसोड बघितलेला नाही," ती म्हणाली. "ती इंग्लिश पट्टी मला झेपत नाही. जे काय बघितलं ते तुमच्या तोंडून. तुम्हीच सांगितलं, रेनने तिला उडायला शिकवलं, पडली की ओरडायचा, मग स्वतःच मलम लावायचा. मला रिक्षा माझ्या बापाने शिकवली, अशीच. मला वाटलं, दुसरं कोण असणार?"

हसणं थांबलं होतं. प्रीतम मात्र लाल झाला. "म्हणजे मागे वळून न बघण्याचा तो पॉइंट? मी तो कमेंटमध्ये टाकला, ताई! हजार लाइक आले!"

"मग पॉइंट चुकीचा होता का?"

"बरोबर होता हो! तोच तर प्रॉब्लेम आहे!"

यशोधरा उठली. "चुकलं माझं. उद्या दुसऱ्या रिक्षात बसलात तरी राग नाही." ती दाराकडे वळली, तर राजसी कमरेवर हात ठेवून आडवी उभी.

"निकाल कोण देणार? जज्ज पळून जातो का कधी?"

"अगं, आता कसला निकाल?"

"रेन वर्गातला पोरगा आहे हे आता कळलं ना? मग द्या."

यशोधरा परत येऊन मधल्या खुर्चीवर बसली. "वर्गातला पोरगा? मग कापू दे की! त्याला काय जन्मभर कमरेला बांधून फिरणार ती?"

कापलीवाल्यांनी शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला. "ताई!" प्रीतम कळवळून ओरडला. "चार महिने माझ्या बाजूने होतात!"

"चार महिने तो बाप होता रे!"

यावर खुद्द प्रीतमलाही हसू फुटलं. दिवे मालवले. पडद्यावर निळं आभाळ आलं आणि खाली इंग्लिश पट्टी पळायला लागली. यशोधराने सवयीने नजर खाली घेतली. तेवढ्यात कानाशी राजसीचा आवाज आला, मराठीत. "वारा पडलाय. आज मी एकटीच जाणार." ती मिओरी झाली होती. मग मागून प्रीतम जाड आवाजात, "दोरी कुठाय तुझी, पोरी?" तो बेटावरचा पहारेकरी होता. तिसऱ्याच एकाने वादळाची जबाबदारी घेतली आणि असा घोंगावला की शेजारच्यांनी त्याला चापट मारली. यशोधराला आता वाचावं लागत नव्हतं. ती बघत होती.

रेन जिवंत निघाला. खालच्या बेटावर शेती करत होता. मिओरी उतरली, तो हसला, तिने हात हलवला आणि एकटी उडून गेली. दिवे लागले. अर्धा हॉल डोळे पुसत होता.

"कसा वाटला शेवट?" राजसीने नाक ओढत विचारलं.

"नाही आवडला."

"काय?" दोन्ही पार्ट्या एका आवाजात ओरडल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

"अरे, तो भेटल्या भेटल्या हसतो कसा? ढगातून खाली पडलेला माणूस आधी शिव्या घालेल. चार सणसणीत. मग हसेल."

"ताई, तो समजूतदार आहे!"

"समजूतदार असू दे. एक तरी शिवी हवी."

वाद हॉलमधून जिन्यात उतरला, जिन्यातून गेटवर गेला. यशोधराने रिक्षा चालू केली तर राजसी आणि प्रीतम मागे बसलेले, प्रीतमच्या मांडीवर मोडका पंख.

"तुझं घर इथंच आहे ना रे, समोर?"

"असू दे," प्रीतम म्हणाला. "तुम्हाला शेवट पटवल्याशिवाय मी उतरत नाही. आधी सांगा, कुठली शिवी?"