खिडकीपलीकडचा नातू

भाव वाढेल म्हणून घरात भरलेला बीटी कापूस पेटला आणि त्यात मी भाजले. खामगावच्या दवाखान्यात तापाच्या गुंगीत मला छतातून कापूस उडताना दिसायचा. तिथली नर्सबाई भेटायला आलेल्याचं तोंड पाहण्याआधी नाक पाहायची. मी तेव्हा मोठी तोऱ्याची सासू! नर्सबाई नातवाला मांडीवर देईना म्हणून मी जेवणच सोडलं.

"मावशी, त्याले सर्दी हाये. भाजलेल्या अंगात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं धड तयार होत नाहीत. त्याची शिंक तुमच्या जिवावर येईन."

दुसऱ्या सकाळी तिलाच शिंका सुरू झाल्या. ती आत आलीच नाही. खिडकीबाहेरून तिनं नातवाला उंच धरलं.

"पाहा, अन् जेवा आता!"

तो काच चाटत होता. मी मुकाट्यानं भाकर मागितली.