डोक्यावरची फोडणी

कढीलिंब हे गुणी झाड आहे. त्याच्यामुळे आमच्या भावजींचं लग्न मोडता मोडता राहिलं, तरी माझं हे मत बदललेलं नाही.

तेव्हा आम्ही मांडवीला राहायचो. आमचे हे मुंबईला नोकरीला. घरी मी, सासूबाई आणि धाकटे दीर वसंतभावजी. परसात विहिरीपाशी कढीलिंबाचं झाड होतं आणि त्याचा वैद्यकीय कारभार माझ्याकडे होता (कुणी दिला नव्हता, मीच घेतला होता). सासूबाईंना अजीर्ण झालं, की पानं वाटून ताकातून. तोंडाला चव नाही, कढीलिंबाची चटणी. शेजारच्या काकूंना मळमळतंय, चार पानं चावून खा. काकूंची मळमळ पुढे यथावकाश बारसं झालं तेव्हाच थांबली, पण तेवढ्याने खचून जाणारी मी नव्हे.

भावजींची अडचण केसांची होती. वय अठ्ठावीस, नोकरी कायमची, स्वभाव गरीब, आणि डोकं साठीच्या म्हाताऱ्यासारखं पांढरं. एका ठिकाणी मुलगी पाहायला गेलो, तर तिच्या आजोबांनी भावजींना मानाने खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "चिरंजीव मागून येतायत काय?" दुसरीकडे मुलगी बाहेर आली ती थेट भावजींच्या पाया पडली. त्यांनी गडबडून आशीर्वाद दिला. (टोपी घालून जावं, तर लोकांना वाटतं टक्कल लपवतोय.)

बापूमामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ. स्थळं तेच आणायचे. ते म्हणाले, "हातखंब्याच्या पलीकडे एक मुलगी आहे. घर चांगलं, माणसं चांगली. हे फिसकटलं तर मी हात झटकले. मग वसंताने जपमाळ घ्यावी."

भावजी अर्ध्या जेवणावरून उठले. मला फार वाईट वाटलं.

"भावजी, तुमचं डोकं माझ्याकडे द्या," मी म्हटलं.

"वहिनी, तुमच्याकडे दिलेलं काही परत येत नाही."

"येईल. काळं होऊन येईल."

काकूंनी सांगितलं होतं, मूठभर कढीलिंब, चिमूटभर मेथ्या, खोबरेल आणि मंद आच. पण मुठीमुठीने केस कधी काळे व्हायचे? आम्हाला तर येत्या रविवारी जायचं होतं. मी सूपभर पाला ओरबाडला, वाटीभर मेथ्या घेतल्या आणि चूल धडधडून पेटवली. कढई रोजच्या फोडणीचीच, लोखंडी. तिने आयुष्यभर इतका हिंग प्यायला होता, की नुसतं पाणी तापवलं तरी आमटीचा वास यायचा. पानं तडतडली तशी सासूबाईंनी माजघरातून विचारलं, "आज जेवण लवकर केलंस गो?"

शहाण्या बाईने तिथेच कढई उतरवली असती. मी ते तेल गाळून बाटलीत भरलं.

रोज सकाळ-संध्याकाळ भावजींच्या डोक्यावर ते थापलं. केस पांढऱ्याचे पिवळट झाले. मी म्हटलं, सुरुवात आहे! रविवारी निघताना आणखी एक हात जास्तच दिला.

चैत्राचं ऊन. एस.टी. तापली, तसं भावजींचं डोकंही तापलं आणि वास सुटला. कंडक्टर मागून ओरडला, "कढी कोणाची सांडली? डबे सरळ धरा." सगळी गाडी आपापले डबे बघायला लागली. मीही बघितला. आमच्याकडे डबा नव्हता.

मुलीच्या घरी ओटीवर बसलो. आमच्याकडची जुनी रीत अशी, की सोयरीक ठरल्याशिवाय मुलीच्या घरी जेवायचं नाही. पोहे खावेत, पाणी प्यावं, उठावं. जेवलात म्हणजे ठरलं. मामा ह्या रितीबाबत फार कडक. त्यांनी दोनदा हुंगलं आणि माझ्या कानाशी लागले, "बघितलंस? आत फोडण्या पडतायत. मुलगी दाखवायच्या आधीच जेवण! आपल्या गळ्यात मारायचा बेत आहे."

मी पदराने वारा घेत बसले. इकडे मुलीचे वडील, आबा, तेही हुंगत होते. ते आत जाऊन आले आणि चेहरा ताठ करून बसले.

मामा म्हणाले, "आम्ही पोह्यांपलीकडे काही घेणार नाही हो."

"आमच्याकडे पोह्यांपलीकडे काही शिजलेलंही नाही," आबा म्हणाले. "आमच्या हातचं चालत नसेल, म्हणून आपण घरून आणलं असेल, तर खुशाल सोडा. पानं मांडून देतो."

"आम्ही आणलंय?"

"वास लपत नाही, मामासाहेब."

"तेच म्हणतोय मी. चोराच्या मनात चांदणं!"

आता खरं सांगावं, तर केसांवरचे उपचार उघडे पडणार. न सांगावं, तर मामा छत्री घेऊन उठणार. ते उठलेच. "चल वसंता," म्हणाले. नेमकी तेव्हाच मुलगी, कुसुम, पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. तिने पहिली बशी भावजींपुढे धरली, ते वाकले, आणि तिचं नाक हललेलं मला स्पष्ट दिसलं.

मागच्या दोन्ही घरी भावजींनी त्या एका आशीर्वादापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. आज ते सरळ उठून उभे राहिले.

"भांडू नका. वास माझ्या डोक्याचा आहे. केस पिकलेत माझे. वहिनींनी कढीलिंबाचं तेल लावलंय. काळे काही झाले नाहीत."

मग आबांनी आपली टोपी काढली. आत एकही केस नव्हता.

"बसा हो," ते मामांना म्हणाले. "तुमच्या मुलाच्या डोक्यावर फोडणी बसायला जागा तरी आहे."

कुसुम बशी तिथेच ठेवून आत पळाली आणि तिचं हसू बाहेरपर्यंत ऐकू आलं. आबा आत गेले, तिला विचारून आले, आणि म्हणाले, "आता मात्र खरंच पानं मांडतो." मामा रितीप्रमाणे पोटभर जेवले, दोनदा भात मागून. भावजी मान खाली घालून हसत होते आणि मला रडू येत होतं.

लग्नानंतर मी कुसुमला विचारलं, "खरं सांग गो, ह्या पिकल्या डोक्याला हो कशी म्हणालीस?"

"बोलणं सरळ वाटलं," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "आणि वासावरून वाटलं, जाऊबाईंच्या हाताला चव असणार."

हे ती सांगत होती तेव्हा तिला घरात येऊन दोन दिवस झाले होते, माझी आमटी एकदा जेवून झाली होती, आणि स्वयंपाक तिने कायमचा आपल्याकडे घेतला होता.