कूलरचा कन्स्ट्रक्टर

प्रोग्रामिंगमध्ये मी नापास झालो तेव्हा माझ्या डोक्यावर, कानांत आणि मिशीत कूलरचं गवत होतं.

परीक्षा खरं तर माझी नव्हतीच. मी नागपूरच्या इतवारी बाजारात भांडी विकतो. परीक्षा होती आमच्या एकुलत्या एका लेकीची, मुक्ताची. पोरगी हुशार, पण तोंडी परीक्षेत सर नुसते खाकरले तरी हिची वाचा बसायची. एकदा नापास झाली होती, आणि उद्या शेवटची संधी होती. ती धड जेवत नव्हती. ती जेवली नाही की माझ्याही घशाखाली घास उतरत नाही. (वजन मात्र उतरत नाही, तो वेगळा विषय!)

"बाबा, मी तुम्हालेच समजावते. तुम्हाले समजलं तर कोणालेही समजन!"

यात माझा अपमान होता, पण लेकीसाठी मी तो गिळला.

"हे पहा, क्लास म्हणजे आराखडा. त्याच्यावरून दुसरा बनवला, की पहिल्याचे गुण दुसऱ्याले मिळतात. हे इनहेरिटन्स."

"तुले माझं नाक मिळालं तसं?"

"हो, दुर्दैवानं! अन् वस्तू बनते तेव्हा तिची सुरुवातीची तयारी करते तो कन्स्ट्रक्टर. आता नीट ऐका..."

ऐकतो कोण! मला एकदम सगळं कळलं होतं. बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटची उन्हानं भट्टी झाली होती आणि गॅलरीत जुना कूलर पडून होता. म्हटलं, यावरूनच नवा कूलर बनवू, पोरीला समोर जिवंत उदाहरण दिसेल!

आता कूलर सुरू करण्याआधी टाकी धुवायची, गवत बदलायचं, पंप लावून ते भिजवायचं आणि मगच पंखा, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र चाकं लावली, दुप्पट ताकदीची मोटर बसवली, नवं बटण जोडलं आणि हात झटकले. बाकीचं जुन्याकडून वारशानं आलंच होतं!

"अवो, टाकी धुतली का? गवत बदललं?" स्वयंपाकघरातून बायकोनं, सुनंदानं विचारलं.

"ते आपोआप होते वं! तू राहू दे, हे कॉम्प्युटरचं आहे."

कूलर मी पलंगासमोर ढकलला. पलंगावर एका टोकाला मुक्ता बसली होती आणि उरलेल्या जागेत सुनंदानं साडीवर घातलेल्या मुंगवड्या वाळत होत्या. मी बटण थेट तीनवर नेलं.

गेल्या उन्हाळ्याचं वाळकं गवत, वर्षभराची धूळ आणि कबुतराची पिसं, सगळं एकदम घरात आलं! मी बंद करायला धावलो तर चाकांमुळे कूलरच माझ्या अंगावर आला.

"माह्या मुंगवड्या!" सुनंदा किंचाळली. "काहून हात लावता जी तुम्ही कशालेही?"

आणि मुक्ता? डोक्यावर पीस घेऊन पोट धरून हसत होती.

"बाबा, हेच तर सांगून राहिली होती! तुम्ही लेकराचा, म्हणजे नव्या कूलरचा, कन्स्ट्रक्टर लिहिला, मग आईबापाचा आपोआप नाही चालत! पायथन भाषेत त्याले आपल्यालेच हाक मारा लागते. पहिले आईबापाची तयारी, म्हणजे टाकी अन् गवत, मग लेकराची. गुण फुकट मिळतात, तयारी नाही मिळत!"

एका दमात बोलली. कुठे अडखळली नाही, आवाज कापला नाही. गवतात उभा राहून मी ऐकत होतो आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. (सुनंदाला मी धूळ गेली असं सांगितलं.) त्या दिवशी मुक्ता पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिलो. मुक्ता धावतच आली आणि सगळ्यांसमोर गळ्यात पडली.

"पास झाली, बाबा! तोच प्रश्न आला, मी कूलरच सांगितला. सरांले इतका आवडला, म्हणाले पुढच्या वर्षीपासून सगळ्या वर्गाले हेच उदाहरण शिकवतो!"

माझी छाती फुगली. "मंग! कशाचं उदाहरण म्हणून शिकवतील, इनहेरिटन्सचं का कन्स्ट्रक्टरचं?"

मुक्तानं माझ्या कानातली शेवटची काडी हळूच काढली.

"एररचं, बाबा."