स्टार्टर पाडू नका, वहिनी

मोताळ्याला बस स्टँडजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. लग्नपत्रिका, झेरॉक्स आणि ऑटोवर भोंगा लावून फिरवतात त्या जाहिरातींचं रेकॉर्डिंग, सगळं एकाच खोलीत. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करायचा, दार लावायचं आणि बाहेर कुणी हॉर्न वाजवला की पुन्हा पहिल्यापासून. माझं डोकं कायम तापलेलं असायचं. बाई काम चांगलं करते, पण आधी बोलणी खावी लागतात, असं लोक म्हणत, आणि ते खरं होतं.

जाहिरातींना आवाज द्यायला जवळच्या गावचे एक शेतकरी यायचे. मी त्यांना भाऊ म्हणायची. घरची शेती पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, आणि आवाज असा की भर बाजारात बायका भाव करायचं थांबून ऐकत. बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा दुकानदारांसाठी त्यांनीच म्हटलं होतं, बोंडअळीची चिंता आता सोडा. पुढं गुलाबी बोंडअळी बीटीतच शिरली आणि लोक त्यांनाच टोमणे मारायला लागले.

"तुह्या आवाजानं आमची पऱ्हाटी खाल्ली बे."

"मी काय अळीले आवतन देलं होतं?" असं म्हणून ते हसायचे. अळी त्यांच्याही वावरात होती. फवारे वाढत चालले होते आणि औषधं दिवसेंदिवस जहाल होत होती.

माझ्याकडं आले तरी त्यांचं अर्धं लक्ष शेताकडं. शेवटचं वाक्य बोलून झालं रे झालं की विचारायचे, "झालं काय ताई? मंग जाऊ मी?" मी म्हणायची, थांबा, एकदा ऐकून तर घ्या. ते कुरकुरत बसायचे, पण बसायचे.

त्या पावसाळ्यात फवारणी करताना त्यांना विषबाधा झाली आणि ते गेले. बातमी मला दुकानात झेरॉक्स काढायला आलेल्या माणसानं सांगितली. मी त्याला उलट्या बाजूनं कागद काढून दिले आणि वर त्याच्यावरच ओरडले. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

तेरवी झाल्यावर, बाजाराच्या दिवशी, त्यांची बायको दुकानात आली. मी तिला एकदाच पाहिलं होतं, पण ओळखलं. ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, तुमच्याजोळ त्यायचा आवाज हाये म्हणतात."

मी एक जाहिरात लावली. बियाण्याची होती. तिनं मान फिरवली.

"हे नोको. हे त साऱ्या गावानं आयकलं. घरी बोलत तसं काई हाये काय?"

तसं होतं. रेकॉर्डिंग सुरू केलं की मी मध्ये बंद करत नसे. चुकलेली वाक्यं, खाकरणं, पाणी मागणं, पावसाच्या गप्पा, सगळं त्यात येई आणि जाहिरात बनवताना मी ते कापून टाकी. पण त्यांची सगळी मूळ रेकॉर्डिंगं एका फाईलमध्ये एकापुढं एक तशीच पडून होती. जिथं जिथं ते जाहिरातीचं बोलत होते ते, आणि मध्येमध्ये येणारा माझा आवाजही काढून, बाकीचं जोडायचं मी ठरवलं. आधी एक कॉपी करून ठेवायला हवी होती, पण डिस्कवर जागाच उरली नव्हती. म्हणून त्याच फाईलवर काम सुरू केलं. वहिनी शेजारी स्टुलावर बसली होती. खोकल्याचा आवाज आला तरी ती पदर तोंडाला लावत होती.

सगळं जोडून झालं आणि सेव्ह करताना कॉम्प्युटर हँग झाला. माउस हलेना. कुठलंही बटन दाबलं तरी पडदा तसाच.

"काय झालं?"

"अडकला," मी म्हटलं.

ती ताडकन उठली आणि भिंतीवरच्या बोर्डाकडं धावली. तिचा हात बटनावर पडायच्या आत मी तो धरला. जोरातच धरला असणार, कारण बांगडीविना असलेलं ते मनगट माझ्या हातात आहे हे मला नंतर कळलं.

"सोडा ना ताई. मोटर अडकली त पयले स्टार्टर पाडा लागते. नाई त जळून जाते."

तिचं चुकत नव्हतं. विहिरीवरची मोटर अडकल्यावर जो विचार करत बसतो त्याची मोटर जळते. इकडच्या बाईमाणसांनाही हे पाठ असतं. पण इथं स्टार्टर पाडला असता, एकदम वीज तोडली असती, तर अर्धवट लिहिलेली फाईल खराब झाली असती आणि भाऊ दुसऱ्यांदा गेले असते.

"वहिनी, याला सावकाश बंद करावं लागतं. थोडं थांबा."

तेव्हा ती जे बोलली ते मला अजून ऐकू येतं. "त्या दिवशीबी मी थांबलीच होती. चक्कर येते म्हणे. म्या लिंबूपाणी देलं, झाडाखाली निजवलं. म्हटलं, जरा पडू देवा, बरं वाटीन. वाट पायली न ताई, त माणूस जाते."

मला राग आला होता. बियाण्यावर, औषधावर, माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर, आणि त्या डब्यासमोर या बाईला पुन्हा वाट पाहायला लावणाऱ्या माझ्या स्वतःवरही. पण मी तिचा हात सोडला नाही. तिला परत स्टुलावर बसवलं, मगच सोडला.

पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसला कंटाळून मी दुकानात विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. अशा वेळेसाठी त्यात एक सोय असते. ती आधी चालू करून ठेवावी लागते, ती मी ठेवली होती. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही बटनं दाबून धरायची आणि आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं एकामागून एक, मध्ये दम घेत दाबायची. क्रम लक्षात राहावा म्हणून मी स्वतःपुरतं एक वाक्य केलं होतं: राग एवढा इथंच सोड, उगी बस. माझ्या स्वभावाला तेच बरं होतं.

आर दाबलं. अडकलेल्या पडद्याकडून कीबोर्ड परत मिळाला.

मग ई. चालू असलेल्या सगळ्या कामांना निरोप जातो की आवरा आता, हातातलं नीट ठेवा. हे ऐकायला त्यांना वेळ द्यायचा असतो. वहिनीचा श्वास मला ऐकू येत होता. "दाबा ना," ती म्हणाली. मी बोट वरच धरून ठेवलं. मशीनला आवराआवरीला वेळ मिळतो, आणि भाऊंना तेवढाही मिळाला नव्हता, हे त्या क्षणी माझ्या मनात आलं आणि डोळे भरले.

आय दाबलं. जे ऐकत नाहीत ते यानं बंद होतात.

एस. मशीनच्या हातात राहिलेलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं. डब्यावरचा लाल दिवा फडफडायला लागला. "दिवा थांबेपर्यंत," मी म्हटलं, आणि तिनं खरोखर दिव्याकडं पाहत दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाहेर बाजारातून दुसऱ्याच कुणाच्या आवाजातला भोंगा गेला. दिवा थांबला.

यू, म्हणजे डिस्कला कुलूप. आणि बी. पडदा काळा झाला.

"गेला," ती म्हणाली.

"नाही. उठतोय."

जुना डबा, उठायला त्याला वेळ लागला. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा त्यानं विचारलं, अर्धवट राहिलेलं काम परत आणू का? मी हो म्हटलं. आवाजाची पट्टी दिसली. पूर्ण होती.

मी स्पीकर वहिनीकडं वळवला. भाऊ खाकरले. पाणी मागितलं. हॉर्न वाजवणाऱ्या कुणाला तरी एक शिवी दिली आणि लगेच, "माफ करा ताई." एकाच जागी पुन्हा पुन्हा चुकले आणि स्वतःवरच हसले. गावात पाऊस झाला का म्हणून विचारलं. वहिनी हसत होती आणि रडत होती, आणि मीही.

शेवटचा तुकडा त्यांच्या शेवटच्या रेकॉर्डिंगमधला होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"झालं काय ताई? मंग जाऊ मी? फवारणीचा पंप भरून ठेवला वावरात."

त्यापुढं माझा आवाज मी कापून टाकला होता. तिथं काहीच नव्हतं.

वहिनीनं स्पीकरवर हात ठेवला.

"थांबा ना जरासं," ती त्यांना म्हणाली.