बाकावरच्या बायका

मंगळवार, २१ जानेवारी. दवाखान्यातल्या व्यायामवर्गाबाहेर बाकावर बसून मटार सोलत होते. यांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून आम्हाला इथे नेमाने यावं लागतं. काचेपलीकडे नवरेमंडळी हात वर-खाली करतात आणि अलीकडे आम्ही बायका त्यांचे रुमाल, पाण्याच्या बाटल्या, गोळ्या सांभाळत बसतो.

शिकवणारी मुलगी दारात आली. "काकू, तुम्हीही या ना आत. जागा आहे."

"आम्हाला कशाला गं?" शेजारच्या शैलाताई म्हणाल्या. "उठल्यापासून व्यायामच चालू असतो आमचा. पगार तेवढा मिळत नाही."

सगळ्या हसल्या, मीही हसले. गेल्या महिन्यात माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी रोज भरभर चालायला सांगितलं; पण ते यांचं सगळं मार्गी लागल्यावर, असं मी ठरवून टाकलं होतं.

काचेतून पाहिलं, तर यांचा चेहरा चांगला तजेलदार दिसत होता. इकडे आम्ही सुजलेली पावलं चपलांतून बाहेर काढून भिंतीला टेकलेल्या. आमच्या घरांत आजारी पडल्याशिवाय कुणाला स्वतःसाठी वेळ मिळत नाही. मग तोवर थांबायचं म्हणजे आजाराचीच वाट पाहायची. या विचाराने वाईट वाटलं नाही, नुसतं फार दमल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी अंथरुणातूनच चहा मागितला. "पातेलं ओट्यावर आहे," म्हटलं आणि चालायला बाहेर पडले.