नडगीवरचा खड्डा

चाळीसच्या दशकात मी नगरच्या एका दवाखान्यात मुलांच्या वॉर्डची नर्स होते. तिथली एक गोष्ट अजून आठवली की डोकं फिरतं.

घोडेगावच्या बाजारातला एक बैलांचा दलाल आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मूत्रपिंडाचा आजार. डोळे उघडेनात इतका चेहरा सुजलेला, पोट तट्ट. डॉक्टरांनी अळणी जेवण सांगितलं आणि अंगात साठलेलं पाणी उतरवायला त्या काळी देत ती पाऱ्याच्या औषधाची सुई सुरू केली. लघवी मोकळी झाली. रोज सकाळी मी तिला वजनाच्या काट्यावर उभं करायचे, आणि आकडा घटला की मला नाचावंसं वाटायचं.

दलालाला मात्र नाही! पाठीवरून हात फिरवून जनावराची किंमत सांगणारा माणूस तो. चौथ्या दिवशी त्याने लेकीच्या बरगड्या चाचपल्या आणि माझ्यावर उखडला.

"बाई, भरलेली पोर आनली हुती मी. रोज वजन घटतंय, आन तुमी हसताय व्हय?"

"अहो, ते अंग नव्हतं, पाणी होतं!" मी तिच्या नडगीवर अंगठा दाबून दाखवला. "परवा इथे खड्डा पडत होता. आज पडतो का?"

"मला नका शिकवू. लई जनावरं पायलीत मी."

डॉक्टरांनी समजावलं. मी भांडले, शेवटी हातही जोडले. आजार अजून गेलेला नाही, सूज परत आली तर पोर हातची जाईल, हे स्पष्ट सांगितलं. दुपारी बघते तर खाट रिकामी.

दोन महिन्यांनी स्वारी परत हजर, लेकीला खांद्यावर घेऊन. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"मीठ घालून ताक पाजलं, पापड चारलं. बगा, कशी भरली! जरा धाप लागती, तेवढी दवा द्या."

मला भयंकर संताप आला. मी त्याचा अंगठा धरला आणि मुलीच्या नडगीवर दाबला. खोल खड्डा पडला. तो भरून येईल म्हणून दलाल बघत राहिला. खड्डा तसाच.

"घटवा, बाई," तो म्हणाला. "घटवा तिचं वजन."

सुई त्याच दिवशी दिली. आता रोज सकाळी तोच तिला उचलून काट्यावर उभं करायचा आणि माझ्याआधी वाकून आकडा बघायचा. आठ दिवस आकडा खाली आला नाही. नवव्या दिवशी तिला उभं राहता येईना.